चिंचोक्यांची सुट्टी

शेवटचा पेपर देऊन आलेल्या मुलांच्या दप्तरांचा आवाज वेगळा असतो. वर्षभर ती खांद्यावरून उतरतात, त्या दिवशी ती पडतात. यंदाही तशीच पडली, दाराशी, चपलांच्या स्टँडला टेकून, आणि अजून तिथेच आहेत. मुलं मात्र नाहीत. परवा संध्याकाळी सुमेध, माझा नवरा, दोघांना घेऊन वर्ध्याच्या गाडीत बसला. त्यांना माझ्या वडिलांकडे सोडून तो उद्या परत येईल. तोवर धायरीतल्या या सातव्या मजल्यावर मी आहे, लॅपटॉप आहे आणि एप्रिलचं ऊन आहे.

हे ऊन सकाळी बाल्कनीच्या कठड्यावर शहाण्यासारखं बसलेलं असतं. दुपारी न विचारता हॉलमध्ये येतं आणि निम्म्या सोफ्यावर पाय पसरतं. खाली टँकर येतो, त्याच्या पाइपातून गळलेलं पाणी तापलेल्या डांबरावर पडतं आणि एक ओलसर, करपट वास सात मजले चढून वर येतो. सोसायटीच्या भिंतीपलीकडे अजून एक मळा उरला आहे, धायरी गाव होतं तेव्हाचा. तिथला बाभळीचा वाळका पालापाचोळा कुणी तरी पेटवतं आणि त्याचा धूर टँकरच्या वासात मिसळतो. उन्हाळा असा मला नाकातून आधी कळतो. आणि तो कळला, की गेल्या वर्षीची सुट्टी आठवते.

गेल्या वर्षी याच उन्हात हे घर माणसांनी गच्च भरलं होतं. इरा पाचवीतून सहावीत जाणार होती, कबीर दुसरीतून तिसरीत. सुमेध रोज हिंजवडीला जाई आणि वाहतुकीतून पिळून निघाल्यासारखा परत येई. माझं काम घरूनच. कानाला हेडफोन, समोर कुणीतरी अमेरिकेतला त्रासलेला ग्राहक आणि मागे ‘आई, हा माझ्याकडे बघतोय’ अशी तक्रार.

आणि होते बाबा, माझे वडील. मुलांचे आबाजी.

त्या हिवाळ्यात आई गेली होती. तेराव्याऐवजी आम्हा बौद्धांकडे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. तो झाला, पाहुणे पांगले आणि मी नि माझ्या भावाने फोनवर ठरवून टाकलं, की बाबांनी आता वर्ध्याला एकटं राहायचं नाही. भाऊ दुबईला. म्हणजे पुणे ठरलं. बाबांनी मान डोलावली. वीज खात्यात लाइनमन म्हणून त्यांचा जन्म गेला होता. वादळात, पावसात, भर दुपारी खांबावर चढलेला माणूस. आमच्या घराचं दार रात्री-अपरात्री वाजायचं आणि बाहेरून एकच वाक्य यायचं, ‘भाऊ, लाइट गेली.’ निवृत्तीनंतरही ते वाक्य थांबलं नव्हतं. कुणाचा पंखा, कुणाची मोटर, कुणाचं लग्नाचं लायटिंग.

एप्रिलच्या सुरुवातीला ते पुण्याला आले ते दोन बॅगा आणि चिंचेचं एक पोतं घेऊन. वर्ध्याच्या घरामागे चिंचेचं झाड आहे. दरवर्षी आई ती चिंच फोडून, मीठ लावून, गोळे करून आम्हाला पाठवायची. त्या वर्षी अख्खं पोतंच आलं. आल्या-आल्या पहिल्या दुपारी हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून बाबा चिंच फोडायला बसले. मुलं भोवती. टरफलांचा कुरकुर आवाज, बोटांना लागलेला आंबट चिकटपणा, कबीरचं चिंच चोखून एक डोळा मिटणं. संध्याकाळपर्यंत चिंच बरण्यांत गेली आणि उरला तो चिंचोक्यांचा ढीग. धुऊन ठेवल्यावर तपकिरी, तुकतुकीत, नुकत्याच पॉलिश केलेल्या बुटांसारखा.

दुसऱ्या दिवसापासून सुट्टीचा खरा चेहरा दिसायला लागला. मुलं उठत, फोन मागत. फोन दिला की गप्प, काढून घेतला की घर डोक्यावर. सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर त्या दिवसांत याचीच चर्चा होती. कुणी कामाला पैसे देत होतं, कुणी कामाच्या बदल्यात फोनची मिनिटं. समोरच्या फ्लॅटमधल्या लेले काकू दूध घेताना दारात भेटल्या. त्यांना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “अहो, आमच्या वेळी बक्षीस असायचंच की. काम केलं तर धपाटा मिळायचा नाही.” आणि दार लावून घेतलं. लेले काकूंचं दार बोलणं संपायच्या जरा आधीच लागतं.

मला पैसे नको होते, मिनिटंही नको होती. माझी नजर चिंचोक्यांवर गेली. कॉफीच्या दोन रिकाम्या बरण्या काढल्या, एक इराची, एक कबीरची. काम केलं की मूठभर नाही, कामाच्या वजनाने चिंचोके मिळणार. झाडांना पाणी घातलं, लसूण सोलला, कपड्यांच्या घड्या केल्या, कोपऱ्यावरून दही आणलं, सगळ्याला आपापलं मोल. आणि बरणी गळ्यापर्यंत भरली की एक गोष्ट मागायची. होण्यासारखी असेल आणि दुसऱ्या कुणाला त्रास होणार नसेल, तर मी नाही म्हणायचं नाही.

“कधीच नाही?” इराने खात्री करून घेतली.

“कधीच नाही,” मी म्हटलं. आईबाप असं बोलताना फार विचार करत नाहीत.

मग त्या घरात काय कामं झाली! कबीरने पुसलेली फरशी चिखल झाल्यासारखी दिसायची, पण पुसलेली असायची. इरा कपड्यांच्या घड्या अशा करी, की चादर आणि ओढणी एकाच आकाराच्या व्हायच्या. मी पोह्याचे पापड घातले आणि गच्चीवर वाळवणाची राखण कबीरकडे दिली. गच्चीच्या दाराला सोसायटीचा कागद चिकटवलेला होता: ‘गच्ची सर्वांची आहे. पापड आपले आहेत. कृपया विचार करावा.’ आम्ही विचार करून एका कोपऱ्यात पापड घातले. कबीर टोपी घालून, छत्री उघडून, हातात झाडू धरून बसला. कावळा एकही आला नाही. अर्धे कच्चे पापड त्यानेच खाल्ले.

बरण्या भरायला लागल्या. आधी इराची भरली.

तिने मागितलं, “मला केस कापायचेत. मानेपर्यंत.”

तिचे केस कमरेपर्यंत होते. माझी आई दरवर्षी सुट्टीत त्यांना तेल लावून बसायची, बोटांनी गुंता सोडवायची. मला नको होतं ते. ‘नाही’ ओठांवर आलंच होतं. पण बोलून बसले होते. सलूनमधल्या मुलीने ती लांब वेणी कापून माझ्या हातात दिली, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. घरी येताना इरा प्रत्येक दुकानाच्या काचेत मान वळवून स्वतःला पाहत होती. तिची मान इतकी लांब आणि सुंदर आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

कबीरने मागितला उसाचा रस. पोट भरेल तेवढा. सिंहगड रस्त्यावरच्या रसवंतीत आम्ही सगळे गेलो, बाबाही. घुंगरू लावलेलं ते यंत्र, आलं-लिंबाचा वास, बर्फाच्या पेटीवरचं ओलं गोणपाट. पहिला ग्लास कबीरने एका दमात संपवला, दुसरा जरा दमाने, तिसऱ्याकडे तो बराच वेळ बघत बसला. मग तो ग्लास हळूच आबाजींकडे सरकवून म्हणाला, “तुम्हालाही हवा असेल ना?” बाबा हसले. मोठ्याने नाही, पण खांदे हलतील इतके. आई गेल्यापासून मी ते पहिल्यांदा बघत होते.

त्याआधीचे त्यांचे दिवस मी पाहिले होते. भल्या पहाटे उठायचे, अंथरुणाची घडी करायचे, अंघोळ करून बाल्कनीतल्या खुर्चीत बसायचे. मी चहा दिला की विचारायचे, “काही काम हाये का, बाई?”

“नाही बाबा, तुम्ही आराम करा.”

दुपारी पुन्हा. “भाजी निवडून देऊ का?”

“ते कामाच्या मावशी करतात बाबा. तुम्ही पडा जरा.”

हॉलमधल्या पंख्याचा रेग्युलेटर बिघडला, तर मी ॲपवरून इलेक्ट्रिशियन बोलावला. त्यांच्या वयाला स्टुलावर चढायला नको, एवढाच माझा विचार. तो मुलगा काम करत असताना बाबा खाली उभे राहून वर बघत होते. एकदा फक्त त्यांच्या हाताची बोटं हवेतच किंचित वळली, स्क्रू आवळल्यासारखी.

एका रविवारी सुमेध त्यांना आंबे आणायला मार्केट यार्डात घेऊन गेला. आल्यावर मी विचारलं, “कसं वाटलं बाबा?” हमालांच्या पाठीवरच्या पेट्या, आडत्यांची ओरड, टेम्पो मागे घेणारे ड्रायव्हर, गवतात मांडलेले आंबे, हे सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. मग बूट काढता काढता म्हणाले, “एवढ्या मोठ्या बाजारात रिकामा असा मी एकटाच होतो.” मला वाटलं, गर्दीने दमले असतील. मी त्यांना पन्हं दिलं.

रसवंतीच्या दुसऱ्या दिवशी मी कॉलवर होते आणि मागून बाबांचा आवाज आला. ते कबीरला म्हणत होते, “मले बी एक बरणी दे ना.”

“तुम्हाला? पण तुम्ही तर मोठे आहात.”

“मोठ्यायले काम करू देत नाही का तुमच्या पुण्यात?”

कबीरने विचार केला आणि लोणच्याची रिकामी बरणी धुऊन आणली. कॉफीच्या बरण्यांपेक्षा ती चांगली मोठी होती. मी माइक बंद करून बघत राहिले. मुलांना रमवायला बाबा खेळात उतरले, असं मला वाटलं. मला ते फार गोड वाटलं. मी ग्रुपवर फोटोही टाकला.

मग मे महिना वेगळाच गेला. बाबांना कामं सांगायचा मक्ता मुलांकडे होता. मी सांगितलंच नसतं, ते दोघं सर्रास सांगत. “आबाजी, आज शेंगदाणे तुम्ही सोला.” “आबाजी, माझ्या सायकलची चेन.” बाबांनी डायनिंग टेबलची डुगडुगणारी खुर्ची पक्की केली, बाथरूमच्या दाराची कडी बसवली, कुंड्यांमधली माती मोकळी केली. लेले काकूंच्या दारावरची बेल बरेच दिवस बंद होती, ती दुरुस्त केली. काकू म्हणाल्या, “आपण कशाला त्रास घेतलात? बंद होती तेच बरं होतं, कुणी यायचं नाही.” आणि संध्याकाळी वाटीभर साखरआंबा घेऊन स्वतःच आमची बेल वाजवली.

इराला त्यांनी जुन्या इस्त्रीचा प्लग उघडून वायरी जोडायला शिकवलं. तिची छोटी जीभ एकाग्रतेने बाहेर आलेली आणि बाबांचा आवाज खालच्या पट्टीत, “घाई नाही करायची. विजेले घाई करणारा माणूस पटत नाही.” कबीर मजुरी वाटण्यात भलता कडक होता. “आबाजी, टरफलं खाली पडलीत. एकच मिळेल.” बाबा हात जोडून म्हणायचे, “चुकलं साहेब.” चिंचोका बरणीत पडल्याचा टण् आवाज मला बंद दारातूनही ऐकू यायचा.

घर असं नांदतं झालं. बाबा जेवायला लागले, दुपारी घोरायला लागले. रमले, असं मी सगळ्यांना फोनवर सांगितलं. भावाला म्हटलं, वर्ध्याच्या घराचं आता बघायला हवं. भाड्याने द्यायचं की विकायचं. चुलतभावाला निरोपही दिला, की कुणी चांगलं माणूस असेल तर सांग.

मे संपत आला होता. दिवसभर ढगाळून उकडत राहायचं. अशा एका संध्याकाळी सुमेध लवकर घरी आला होता. आम्ही सगळे जेवायच्या टेबलाशी आंबे कापत होतो. बाबा आतून आले आणि लोणच्याची बरणी त्यांनी टेबलावर ठेवली. गळ्यापर्यंत भरलेली.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. “आबाजी, मागा! काय पाहिजे?”

“नवा मोबाइल मागा,” कबीर म्हणाला.

“महाबळेश्वर मागा,” इरा म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “मले घरी जायचं हाये, बाई.”

माझ्या हातातली सुरी आंब्यात तशीच राहिली. कबीर म्हणाला, “पण हेच तर घर आहे.”

“हे बी हाये बेटा. पण मले वर्ध्याच्या घरी जायचं हाये. राहाले.”

“बाबा,” मी म्हटलं, “तिथे कोण आहे आता?”

“तिथं मी हावो ना.”

ते हे अगदी साधेपणाने म्हणाले. मला मात्र सगळी कारणं सुचली. औषधं, ब्लडप्रेशर, वर्ध्याचं ऊन, जेवणाचं काय, पडलात तर कोण उचलणार, लोक मला काय म्हणतील. मी बोलत गेले, माझा आवाज चढत गेला. बाबा ऐकत होते. त्यांनी एकाही गोष्टीला खोटं म्हटलं नाही. सुमेधने माझ्या हाताला हात लावला, तो मी झटकला.

तेव्हा इरा बोलली. “आई, तू नाही म्हणू शकत नाहीस.”

“हे केस कापण्याएवढं सोपं नाहीये इरा.”

“तुला ते पण सोपं नव्हतं,” ती म्हणाली. “मला माहितीये. तू खिडकीकडे बघत होतीस.”

मी उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावरची स्वच्छ भांडी पुन्हा घासली. आंबे तसेच राहिले आणि त्यांचा गोड, जड वास घरभर साचून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाल्कनीत गेले, तर बाबा झाडांना पाणी घालत होते. तगरीच्या कुंडीतून पाणी निथळून खालच्या ताटलीत येत होतं. मी त्यांच्या बाजूला उभी राहिले. रागही होता आणि रडूही येत होतं.

“इथे काही कमी पडलं का बाबा?”

“नाही व. कमी कायले पडते? तू तं मले फुलासारखं ठेवलं.” त्यांनी झारी खाली ठेवली. “तुही आई गेली तवापासून मले कोणी काम सांगत नव्हतं. सारे म्हणत, बसा. आराम करा. बसलेला माणूस काय करते, ठाऊक हाये का तुले? आठवत बसते. ह्या पोट्ट्यायनं मले कामाले लावलं तं मी उठून उभा राहलो. आता उभा राहलो, तं चालू दे मले.”

मी तगरीची पिवळी पानं खुडत राहिले.

“आन् तिथं एक काम राहून गेलं,” ते म्हणाले. “तुह्या आईचं कपाट. तिच्या साड्या, चष्मा, औषधाच्या बाटल्या, सारं तसंच पडलं हाये. तुम्ही म्हटलं चला, मी कुलूप लावून आलो. ते काम दुसऱ्या कोणाचं नाही, बाई. ते माहं काम हाये.”

खाली टँकर आला होता. वॉचमन त्याला मागे घ्यायला शिट्टी वाजवत होता. आम्ही दोघं तो टँकर मागे येईस्तोवर बघत राहिलो. मी म्हटलं, “शाळा सुरू व्हायच्या आधी जाऊ. सगळेच.” बाबांनी झारी उचलली आणि राहिलेल्या कुंड्यांना पाणी घातलं.

जूनच्या पहिल्या दिवसांत आम्ही वर्ध्याला गेलो. बंद घराचा एक वास असतो, धुळीचा, डांबरगोळ्यांचा, न उघडलेल्या खिडक्यांचा. बाबांनी एकेक खिडकी उघडली. आईच्या फोटोसमोरची सुकलेली फुलं काढली, मेणबत्ती लावली. बुद्धाच्या मूर्तीवरची धूळ आपल्या रुमालाने पुसली. मग आईच्या कपाटासमोर सतरंजी टाकून बसले.

ते काम दोन-तीन दिवस चाललं. बाबा साडी काढायचे, मांडीवर ठेवायचे आणि तिची गोष्ट सांगायचे. ही इराच्या बारशाची. ही नागपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी नेसायची ती पांढरी. ही तिला आवडली नव्हती, मी आणली होती म्हणून नेसली. इरा घड्या करत होती आणि या वेळी तिच्या घड्या सरळ येत होत्या. कबीर पिशव्या धरून उभा होता. चिंचोक्यांचं नाव कुणी काढलं नाही. मला तरी ते पुण्याला परत येईपर्यंत आठवलंही नाही.

एका साडीशी बाबा थांबले. साधी, निळ्या काठांची, रोजच्या वापरातली. ती उघडून त्यांनी चेहऱ्याला लावली आणि तशीच धरून बसले. कबीर पिशवी खाली ठेवून त्यांच्या शेजारी जाऊन बसला. कुणी कुणाला समजावलं नाही. थोड्या वेळाने बाबांनी साडीची घडी केली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “ही तू ने.” बाकीच्या शेजारपाजारी, नात्यागोत्यात गेल्या. आई गेली, म्हणून तिचं कपाट कुणी तरी रिकामं करून टाकलं, असं झालं नाही. तिला निरोप तिच्या माणसाने दिला.

आम्ही निघालो तेव्हा शेजारच्या दुर्गाबाई दारात उभ्या होत्या. आईची जुनी मैत्रीण. “काळजी नको करू,” त्या मला म्हणाल्या, “एक पोळी जास्त टाकाले मले कोणते कष्ट पडतात?” मग बाबांकडे वळून म्हणाल्या, “भाऊ, जेवण फुकटात नाही हां. माही मोटर किती दिसाची बंद हाये.” बाबा चपला घालून आमच्याआधी घराबाहेर पडले. रिक्षा वळेपर्यंत मी मागे बघत होते. ते दुर्गाबाईंच्या अंगणात उकिडवे बसलेले होते, आमच्याकडे पाठ करून.

सगळं सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि दुर्गाबाईंचा फोन येताच मी मिळेल त्या गाडीने गेले. रात्रभर प्रवासात मी स्वतःशी भांडत होते, की मुलांचं ऐकायलाच नको होतं. पोहोचले तर ते उशीला टेकून पेज पीत होते आणि मलाच विचारत होते, “सुट्टी मिळाली का तुले?” दिवाळीत ते पुण्याला आले, आठवडाभर राहिले, सगळ्यांच्या आकाशकंदिलांचे दिवे जोडून दिले आणि मग बाल्कनीतून रस्त्याकडे बघायला लागले. मी न विचारता तिकीट काढलं. रोज सकाळी मी फोन करते. तो उचलेपर्यंतच्या रिंगा मला अजूनही मोठ्या वाटतात.

यंदा परीक्षा संपायच्या आधीच ग्रुपवर पुन्हा चर्चा सुरू झाली. सुट्टीत मुलांचं काय करायचं, कामाला कसं लावायचं, काय दिलं म्हणजे करतील. मी वाचत राहिले. लिहिण्यासारखं काही माझ्याकडे नव्हतं. बक्षीस वाईट असतं असं मला वाटत नाही. कबीरने ढोसलेला तो उसाचा रस आणि इराची उघडी मान, दोन्ही खरं होतं. फक्त एवढं कळलं आहे, की माणसाला काहीतरी देण्याच्या नादात आपण त्याच्या हातून काय काढून घेतो, तेही बघत राहावं लागतं. लहानांच्याही, मोठ्यांच्याही.

आत्ता, हे लिहिता लिहिता, वर्ध्याहून फोन आला. पलीकडे कबीर होता, धापा टाकत.

“आई, इथे इतकं गरम आहे ना! आबाजींनी माझ्याकडून कूलरमध्ये पाणी भरून घेतलं. अंगणातल्या नळावरून. बादल्या उचलून उचलून माझे हात दुखतायत.”

“अरे बापरे,” मी म्हटलं, “मग काय मिळालं तुला?”

तो जरा गोंधळला. मागे काहीतरी मोठ्याने घरघरत होतं आणि बाबांचा, इराचा हसण्याचा आवाज येत होता.

“काय मिळणार?” तो म्हणाला. “कूलर सुरू झाला ना.”